आभाळ कोरं का दिसतं

एकाने विचारलं की तळी-डोंगरांच्या जुन्या फोटोंत आभाळ कायम कोरं कसं, ढगच नसायचे का. ढग असायचे हो, पण तेव्हा फोटो ज्या काचेवर उमटायचा तिला दिसायचे नाहीत. 1851 नंतर रुळलेली ओल्या कलोडियनची (म्हणजे चिकट रसायनाचा थर माखलेली) काच निळ्या प्रकाशाला भलतीच संवेदनशील आणि लाल रंगाला जवळजवळ आंधळी. झाडं-खडक नीट उमटेपर्यंत आभाळ जळून पांढरं व्हायचं.

अमेरिकन फोटोग्राफर कार्लटन वॉटकिन्सने 1861 मध्ये कॅलिफोर्नियातल्या योसेमिटी खोऱ्यात मिरर लेक हे तळं टिपलं, ते जरूर मोठं करून बघा. काच साधारण 18 बाय 22 इंचांची! ती जागेवरच तंबूच्या अंधारात माखायची आणि ओली असतानाच फोटो काढून लगेच धुवायची. शटर नाही, भिंगावरचं झाकण काढायचं आणि मनात सेकंद मोजायचे. तेवढ्यात वारा सुटला की पानं पुसट आणि पाण्यातला डोंगर विस्कटलेला. म्हणून असं स्वच्छ प्रतिबिंब दिसलं की मी आधी ती वाऱ्याविना गेलेली वेळ बघतो, डोंगर नंतर.

फ्रेंच फोटोग्राफर गुस्ताव्ह ल ग्रे मात्र समुद्राच्या काही फोटोंत आभाळाची वेगळी निगेटिव्ह जोडायचा. मला ती लबाडी वाटत नाही. डोळ्यांना दिसलेले ढग त्याला कागदावर हवे होते.