मदत हवी आहे: मुंगसाने कोंबडीची पाठ फाडली

काल पहाटे खुराड्यात मुंगूस शिरलं. एक तलंग गेली. दुसरी गावठी कोंबडी वाचली, पण पंखाच्या मुळाशी दोन बोटं कातडी फाटून लोंबतेय, आतलं लाल मांस दिसतं. कोमट मिठाच्या पाण्याने धुतलं, भोवतीची पिसं कापली, पोव्हिडोन आयोडीन लावलं. माश्यांनी अळ्या घालू नयेत म्हणून घरातच डालग्याखाली, वर मच्छरदाणी टाकून ठेवलीय. चालते नीट, पाणी पिते, दाण्याला मात्र चोच लावत नाही. जखमेला वास नाही. शेजारच्या काकू हळद भरायला सांगतात, पण उघड्या मांसात पूड भरायला मन धजत नाही. गुरांचे डॉक्टर सोमवारी येतील, त्याआधी तालुक्याला न्यायची सोय नाही. तोवर ही लोंबती कातडी कापून टाकू, की जागेवर बसवून तशीच राहू देऊ?