मदत हवी आहे: लेस पॉल घ्यावी की घरातल्या गिटारींवरच सराव वाढवावा? (रविवार रात्रीपर्यंत ठरवायचंय)

सहावी_तार (शुक्रवार, रात्री ११.४०)
नमस्कार मंडळी, थेट मुद्द्यावर येतो. एपिफोन कंपनीची लेस पॉल ही इलेक्ट्रिक गिटार सेलमध्ये आहे आणि सेल रविवारी रात्री संपतोय. घेऊ का? घरात गिटारी आहेत, पण त्यांवर हवं ते वाजत नाही. बेंड केला (तार बोटाने ओढून स्वर चढवला) की बेसूर लागतं, आवाज पातळ येतो, वर सतत घोंघों चालू. तेच मित्राच्या लेस पॉलवर वाजवलं तर पहिल्या फटक्यात जमतं. घरचे म्हणतात, आधी आहेत त्या वाजव. मलाही रात्री पडल्या पडल्या हाच प्रश्न छळतोय की खरंच वाद्य कमी पडतंय, का मी सराव टाळतोय. अनुभवी लोकांनी सांगा. "मनाचं ऐक" वगैरे नको, स्पष्ट उत्तर हवंय.

तळेगावकर (शुक्रवार, रात्री ११.५२)
गिटारी आहेत म्हणजे किती? कोणत्या? अँप कुठला? काय वाजवतोस? यातलं एकही सांगितलेलं नाहीस, मग उत्तर कशाच्या जोरावर द्यायचं?

आइंडहोवनकर (शनिवार, रात्री १२.१५)
घ्या. मी इतकी वर्षं "आधी सराव, मग नवी" करत बसलो आणि शेवटी सरावच बंद पडला. नवी गिटार आली की माणूस ती हातात घेतो, हातात घेतली की वाजवतो. ज्या वाद्याकडे मन ओढ घेतं त्यावरच सराव होतो. पैसे असतील तर इतका विचार कशाला?

कोमल_गंधार (शनिवार, सकाळी ६.३०)
मी पूर्ण विरुद्ध मताची आहे. क्वीन बँडच्या ब्रायन मेने 1963 साली वडिलांच्या मदतीने घरी गिटार बनवायला घेतली, मानेसाठी जुन्या फायरप्लेसचं लाकूड वापरलं, आणि तीच गिटार घेऊन तो आजही मंचावर उभा राहतो. बेंड बेसूर लागतो कारण कानाला पोचायचा स्वर माहीत नसतो. जी तारेचा सातवा फ्रेट (मानेवरची आडवी धातूची पट्टी) धर आणि पूर्ण स्वराने वर ओढ. तुला नवव्या फ्रेटचा स्वर मिळायला हवा. आधी नववा वाजवून ऐक, मग सातव्यावरून तिथे जा. मेट्रोनोम मिनिटाला ६० ठोक्यांवर लाव, फोनवर रेकॉर्ड कर, दुसऱ्या दिवशी ऐक. महिनाभर एवढंच कर. मग बोलू लेस पॉलबद्दल.

सहावी_तार (शनिवार, सकाळी ९.०५)
@तळेगावकर, दोन आहेत, चांगल्या ब्रँडच्या. एक स्ट्रॅट आणि एक आयबानेझ. ब्लूज आणि जुना रॉक वाजवतो. बजेटचा प्रश्न नाही, ठरवण्याचा आहे.
@कोमल_गंधार, ताई, हे मी करतो. मोकळा बेंड बरोबर लागतो, ट्यूनरवर तपासलंय. गोची वेगळी आहे. बी तारेचा पाचवा फ्रेट धरून जी तार सातव्यावरून वर ओढली की दोन्ही स्वर एक व्हायला पाहिजेत ना? ते होतच नाहीत. मित्राच्या गिटारवर होतात. हात तेच, कान तेच.

वाद्यवृंदवाले_काका (शनिवार, सकाळी ९.४०)
तुम्हा मुलांना आज दहा दहा गिटारी मिळतात याचं मला कौतुकच वाटतं. आमच्या ऑर्केस्ट्रात एक हवायन गिटार आणि एक स्पॅनिश, त्यावर अख्खा कार्यक्रम व्हायचा. व्हॅन शिपली यांचं इलेक्ट्रिक गिटारवादन ऐकत आम्ही मोठे झालो. ब्रिजभूषण काब्रांनी तर मांडीवर आडव्या धरलेल्या गिटारवर राग वाजवून दाखवले. मींड हवी असेल तर पोलादी बार घेऊन स्लाइड शिका. बेंडची कटकटच उरत नाही.

तळेगावकर (शनिवार, सकाळी ९.४८)
काका, स्लाइड सुंदरच, पण त्याने विचारलंय काय?

@सहावी_तार, आता कुठे कामाचं बोललास. स्ट्रॅटचा ब्रिज (बॉडीवर तारा अडकतात तो भाग) तरंगता आहे का? म्हणजे ट्रेमोलोची (सूर हलवायची) दांडी वर-खाली दोन्हीकडे हलते का? एक कर. जी तार जोरात ओढ आणि ओढताना ब्रिजच्या मागच्या कडेकडे बघ. कड बॉडीपासून उचलली जात असेल तर उत्तर तिथेच आहे. एक तार ओढली की ताण वाढतो, ब्रिज पुढे झुकतो, आणि बाकीच्या पाचही तारा ढिल्या होऊन सूर उतरतो. तू बी तार नुसती धरून ठेवलेली असतेस, ती तुझ्या नकळत खाली येते. एकटा बेंड बरोबर, जोडीचा बेसूर, याचं कारण हेच. लेस पॉलचा ब्रिज बॉडीत घट्ट बसवलेला असतो, म्हणून तिथे हे होत नाही.

शॉर्टसर्किट (शनिवार, सकाळी १०.१०)
घोंघोंचं मी सांगतो. स्ट्रॅटला सिंगल कॉइल (एकाच वेटोळ्याचे) पिकअप, म्हणजे तारांचा कंप पकडणारी चुंबकं, असतात, ते घरातल्या वायरिंगचा ५० हर्ट्झचा गुंजारव पकडणारच. लेस पॉलवर असतात त्या हंबकर पिकअपमध्ये दोन कॉइल उलटसुलट जोडलेल्या असतात, त्यामुळे गुंजारव एकमेकांना खाऊन टाकतो. लेस पॉल मूळ जिची, त्या गिब्सन कंपनीत सेथ लव्हरने हे 1955 साली केलं, लेस पॉलवर ते 1957 पासून आले. पण नवी गिटार घेण्याआधी पिकअपचा स्विच दुसऱ्या किंवा चौथ्या जागेवर टाकून बघ. बऱ्याच स्ट्रॅटमध्ये मधला पिकअप उलटा गुंडाळलेला असतो, त्या जागांवर घोंघों जवळजवळ बंद होते. तारांना हात लावल्यावर आवाज कमी होतो की वाढतो? कमी होत असेल तर ठीक. वाढत असेल तर गिटारचं किंवा घराचं अर्थिंग तपास. भाड्याचं घर आहे का? जुन्या इमारतीत तीन पिनांचं सॉकेट असतं आणि मागे अर्थची वायरच नसते. अँपच्या प्लगची अर्थ पिन काढून कधीही वापरू नका, शॉक बसतो. फॅनचा रेग्युलेटर आणि स्वस्त एलईडी दिवेही बंद करून बघ.

चिऊची_आई (शनिवार, सकाळी ११.००)
थोडं विषयांतर करते. माझ्या ९ वर्षांच्या मुलीला गिटार शिकायची आहे. तिला इलेक्ट्रिक द्यावी की साधी? दुकानदार म्हणतो साध्यापासूनच सुरुवात करावी लागते.

म्हापसेकार (शनिवार, सकाळी ११.२५)
@चिऊची_आई, असा काही नियम नाही. पोलादी तारांच्या साध्या गिटारने लहान बोटं फार दुखतात आणि पोरं आठवड्यात सोडून देतात. छोट्या मापाची नायलॉन तारांची घ्या किंवा छोट्या मापाची इलेक्ट्रिक. इलेक्ट्रिकच्या तारा पातळ असतात, दाबायला सोप्या. तिला कुठली गाणी आवडतात त्यावरून ठरवा. आणि दुकानात तिला घेऊन जा, मांडीवर ठेवून बघू दे.

@सहावी_तार, आमच्याकडे गोव्यात दर पावसाळ्यानंतर माझ्याकडे अशा गिटारींची रांग लागते. दमट हवेने मान हलते, तारा गंजतात, आणि लोक म्हणतात गिटार खराब, नवी घ्यायची. तारा शेवटच्या कधी बदलल्यास? तारेखाली बोट फिरव. खरखरीत लागून बोटाला काळं येत असेल तर ती तार सुरात राहणार नाही. मग पहिला फ्रेट आणि मान जिथे बॉडीला जोडली आहे तिथला फ्रेट, असे दोन्ही एकदम दाबून मध्ये सातव्या-आठव्या फ्रेटवर किती फट राहते ते बघ. साधारण पाव मिलिमीटर हवी, व्हिजिटिंग कार्ड जेमतेम जाईल इतकी. कार्ड आरामात हलत असेल तर ट्रस रॉडला (मानेच्या आतल्या सळईला) हात लावावा लागेल. तो एका वेळी पाव फेऱ्याहून जास्त फिरवू नकोस, आणि कधी केलं नसेल तर माहीतगाराकडून करून घे.

सहावी_तार (शनिवार, दुपारी १.३०)
ब्रिजची कड उचलली जातेय! मी आजवर तिकडे बघितलंच नव्हतं, नजर कायम बोटांवर. बी तार ट्यूनरला लावून जी ओढली तर काटा खाली सरकताना स्पष्ट दिसला. @तळेगावकर, मनापासून आभार. मग प्रश्न सुटला ना? लेस पॉलचा ब्रिज घट्ट असतो म्हणजे लेस पॉलच घ्यायला हवी.

तळेगावकर (शनिवार, दुपारी १.४५)
अरे थांब. स्ट्रॅटचाही घट्ट करता येतो. मागचं प्लास्टिकचं झाकण काढ. आत स्प्रिंगा एका लोखंडी पट्टीला अडकवलेल्या दिसतील, पट्टी दोन मोठ्या स्क्रूंनी लाकडात बसवलेली असते. ते स्क्रू थोडे थोडे, दोन्ही सारखे, आत घे. दर वेळी सूर लावून बघ, ब्रिज बॉडीला टेकेपर्यंत. तीनच स्प्रिंगा असतील तर पाच लाव. ब्रिज टेकला की तारा जरा खाली येतील, फ्रेटला घासत असतील तर सॅडल (ब्रिजवरचे तारेखालचे टेकू) उचलून घे. ट्रेमोलो वर ओढणं जाईल, खाली दाबणं राहील. तू ब्लूज वाजवतोस, तुझं काही अडणार नाही.

आइंडहोवनकर (शनिवार, दुपारी ४.२०)
म्हणजे आता एका गिटारची दुसरी बनवायची? माफ करा, पण हे मला पटत नाही. लेस पॉलची तारेची लांबी पावणेपंचवीस इंच, स्ट्रॅटची साडेपंचवीस. तीच तार, तोच सूर, पण ताण साधारण ६ टक्क्यांनी कमी. बोटांना हा फरक पहिल्या बेंडमध्ये कळतो. हंबकरचा जाडपणाही स्प्रिंगा बदलून येणार नाही. हे वेगळं वाद्य आहे आणि ते हवंसं वाटण्यात आळस कसला? @कोमल_गंधार यांनी ब्रायन मेचं उदाहरण दिलं. पिंक फ्लॉइडच्या डेव्हिड गिल्मरने 2019 मध्ये न्यूयॉर्कला लिलाव केला तेव्हा १२० हून जास्त गिटारी निघाल्या. त्याचा सराव कमी होता असं कोणी म्हणेल का?

कोमल_गंधार (शनिवार, दुपारी ४.५०)
त्याच लिलावात एकटी काळी स्ट्रॅट ३९ लाख ७५ हजार डॉलरला गेली, कारण त्याने आयुष्यातलं मोठं काम तिच्यावर केलं. बाकीच्या शंभरांना तेवढं कोणी विचारलं नाही. एका वाद्यावर ठाण मांडून बसायचं म्हणजे काय, ते यातून दिसतं. मी सतार शिकले, तिथे गुरुजींनी वाद्य बदलू दिलं नाही म्हणून कुठल्या पडद्यावर किती ओढ लागते हे माझ्या बोटांत उतरलं. नवं वाद्य आलं की हे पुन्हा पहिल्यापासून.

आइंडहोवनकर (शनिवार, संध्याकाळी ५.०५)
सतारीत आणि गिटारीत फरक आहे, ताई. इथे माणूस कार्यक्रमात मधल्या गाण्याला गिटार बदलतो कारण आवाज बदलायचा असतो.

म्हापसेकार (शनिवार, संध्याकाळी ५.३०)
दोघांचंही ऐकलं. मुलाच्या हातात उद्यापर्यंतचा वेळ आहे, तेवढ्यात करता येईल ते सांगा की.
आणि लेस पॉल म्हणजे कायम सुरात, असंही नाही. तिच्या डोक्यावर खुंट्या तीन-तीन, मधल्या तारा नटमधून (मानेच्या टोकाच्या खाचांच्या पट्टीतून) तिरक्या जातात आणि जी तार खाचेत अडकते. बेंड केला की "टिंग" होऊन सूर हलतो. खाचेत पेन्सिलीचं शिसं घासलं तर बरंच सुधारतं. शिवाय डोकं मागे झुकलेलं, स्टँडवरून पडली की मान तिथेच मोडते. असली डोकी चिकटवायला माझ्याकडे येत असतात. वजनही ४ किलोच्या आसपास. उभं राहून वाजवतोस का?

सहावी_तार (शनिवार, संध्याकाळी ६.१५)
बसूनच. रात्री जेवणानंतर हेडफोन लावून, शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून. अँप छोटा १० वॉटचा. मित्राकडे सरावाच्या खोलीत ट्यूबचा (काचेच्या व्हॉल्व्हचा) अँप आहे, त्यावर वाजवतो.

तळेगावकर (शनिवार, संध्याकाळी ६.२०)
हे आत्ता सांगतोयस! तू गिटारींची तुलना केलीच नाहीस. छोट्या अँपचा हेडफोन एकीकडे आणि मोकळ्या खोलीत वाजणारा ट्यूब अँप दुसरीकडे. आवाज पातळ येतो त्यातला किती भाग गिटारचा आणि किती त्या हेडफोनचा, हे आत्ता कोणालाच सांगता येणार नाही. उद्या सकाळी स्ट्रॅट घेऊन मित्राकडे जा. एकाच अँपवर, एकही बटण न हलवता, दोन्ही वाजव. मग त्याची लेस पॉल घरी आणून तुझ्या हेडफोनवर ऐक.

शॉर्टसर्किट (शनिवार, संध्याकाळी ६.४०)
फक्त एक काळजी घे. दोन्हींचा आवाज सारखा कर. हंबकर जोरात वाजतो, आणि जे जोरात वाजतं ते कानाला चांगलंच वाटतं. स्ट्रॅटच्या वेळी आवाज थोडा वाढव. बाकी बटणं जशीच्या तशी.

वाद्यवृंदवाले_काका (शनिवार, रात्री ८.००)
आयबानेझचं कोणीच विचारलं नाही. तिला हंबकर असतीलच की?

तळेगावकर (शनिवार, रात्री ८.०५)
काका, एकदम बरोबर पकडलंत.

सहावी_तार (रविवार, दुपारी ३.१०)
सकाळी जाऊन आलो. सविस्तर लिहितो, कारण इथे सगळ्यांनी वेळ दिलाय.
रात्रीच झाकण काढून स्क्रू आत घेतले. ब्रिज टेकला. बी-जी चा जोडबेंड आता घट्ट बसतो, दोन स्वर मिळतात तेव्हा मधली थरथर विरून जाते आणि एकच जाड स्वर राहतो. हेच मला हवं होतं.
मित्राच्या अँपवर स्ट्रॅट अजिबात पातळ वाजली नाही. आवाज सारखा केल्यावरही लेस पॉल जास्त भरलेली वाटली, विशेषतः मानेजवळच्या पिकअपवर. हा फरक खरा आहे. पण माझ्या हेडफोनवर आणल्यावर तीही पातळच झाली, स्ट्रॅटपेक्षा थोडीच बरी. दुसऱ्या-चौथ्या जागेवर घोंघों गेली, तारांना हात लावला की कमीच होते.
या सेलमध्ये घेत नाहीये. लेस पॉल मला हवी आहे हे नक्की, पण आज घेतली तर ती याच हेडफोनवर वाजणार.
काका, आयबानेझला दोन हंबकर आहेत. ती बॅगेत आहे, एक तार तुटल्यापासून बाहेर काढली नाही. तिला लॉकवाला तरंगता ब्रिज आहे, एक तार लावली की बाकी सगळ्या उतरतात, म्हणून कंटाळून ठेवली होती. तारा कुठल्या जाडीच्या घेऊ?

आइंडहोवनकर (रविवार, दुपारी ३.४०)
चला, म्हणजे नवी गिटार घरातच निघाली. तरी पुढच्या सेलवर लक्ष ठेव.

कोमल_गंधार (रविवार, दुपारी ४.००)
आज रात्री तो जोडबेंड रेकॉर्ड करून इथे टाक. खूप आनंद झाला.

म्हापसेकार (रविवार, दुपारी ४.१५)
आधी होत्या त्याच जाडीच्या घे, बहुतेक ९-४२ (सर्वांत पातळ आणि सर्वांत जाड तार, इंचाच्या हजाराव्या भागांत) असतील. जाडी बदलली तर स्प्रिंगांचा ताणही बदलावा लागेल. सगळ्या तारा एकदम काढू नकोस, एक काढ, एक लाव, तिला सुरात आण, मग पुढची. सहाही झाल्या की तीन-चार वेळा सगळ्यांवरून फिरावं लागेल, मगच ब्रिज स्थिर होतो. नटवरची कुलपं सगळ्यात शेवटी आवळ, आणि त्याआधी ब्रिजकडचे बारीक ट्यूनिंग स्क्रू मध्यावर आणून ठेव, नाहीतर नंतर सूर लावायला जागा उरत नाही. तुटलेली तार ब्रिजकडे तुटली होती की नटकडे?