टॅबेबुया-पाम की करंज-बहावा? सोसायटीच्या आवारातली झाडं

टेकडीवाली

आमची सोसायटी पुण्याच्या पश्चिमेला, टेकडीच्या पायथ्याशी. रस्तारुंदीत पुढची जुनी झाडं गेली. आता आवार नव्याने करायचं ठरलंय आणि बाग आखून देणाऱ्यांची यादी आली आहे: गुलाबी टॅबेबुया, फॉक्सटेल पाम, दोन स्पॅथोडिया, गेटपाशी प्लुमेरिया आणि मागच्या भिंतीला कोनोकार्पसचं कुंपण. या मातीतलं एकही झाड त्यात नाही. रविवारी सर्वसाधारण सभा आहे आणि मी ठराव मांडणार आहे की यापुढे आवारात फक्त सह्याद्रीत आणि दख्खनच्या पठारावर मुळात उगवणारी झाडंच लावायची.

कोनोकार्पसची मुळं पाण्याच्या आणि सांडपाण्याच्या नळांत शिरतात. गुजरात सरकारने २०२३ मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातली, तरी आपल्याकडे ते सर्रास विकलं जातं. स्पॅथोडिया आणि सुबाभूळ ही दोन्ही झाडं जगातल्या शंभर सर्वांत उपद्रवी आक्रमक प्रजातींच्या यादीत आहेत. आमच्या टेकड्यांवर लवकर हिरवं दिसावं म्हणून लावलेली ग्लिरिसिडिया आज कुठवर पसरली आहे ते पुण्यात फिरायला जाणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. तिच्याखाली गवतसुद्धा धड वाढत नाही.

याउलट फेब्रुवारीत एखाद्या काटेसावरीखाली सकाळी उभं राहा. झाडावर पान नाही, नुसती जाडजूड लाल फुलं, आणि प्रत्येक फुलात कुणाची ना कुणाची चोच. मैना, बुलबुल, कोतवाल, शिंजीर, मधूनच एखादा हळद्या. खारी फुलाच्या तळाशी तोंड खुपसून बसतात आणि वर आल्या की मिशांना पिवळे परागकण लागलेले असतात. पामच्या रांगेत हे बघायला मिळेल का? विरोधी मतंही हवीत, म्हणजे सभेत तयारीने बोलता येईल.

कास पठार

ताई, ठरावातल्या ‘फक्त’ला माझा विरोध आहे. मी साताऱ्याचा. आमच्याकडे १ मेला गुलमोहर दिवस साजरा होतो. लोक झाडाखाली जमतात, चित्रं काढतात, कविता वाचतात. ते झाड मादागास्करचं आहे हे सगळ्यांना ठाऊक आहे आणि त्याने आमचं प्रेम कमी झालेलं नाही. यादीतला प्लुमेरिया म्हणजे आपला देवळापुढचा चाफा. तो मेक्सिकोकडून आलेला. चिंच आफ्रिकेतली, पेरू, सीताफळ आणि काजू अमेरिकेतले. या ठरावाने तुम्ही चिंचेलाही गेटबाहेर उभं करणार का?

माळरान

चिंचेचं उदाहरण नेहमी येतं, म्हणून उत्तर देतो. चिंच इथे कैक शतकं आहे, पण तिने कुठल्या टेकडीचा ताबा घेतलेला नाही. सुबाभूळ घ्या: एका झाडाच्या शेंगा फुटल्या की पुढच्या पावसाळ्यात खाली रोपांचं रान माजतं. स्पॅथोडियाचं बी पातळ पापुद्र्याचं, वाऱ्यावर लांब जातं. शिवाय त्याच्या फुलांत डंखहीन मधमाश्या मरून पडल्याच्या नोंदी आहेत. परदेशी झाडांत असा फरक करावाच लागतो. स्पॅथोडिया आणि कोनोकार्पस यादीतून ताबडतोब काढा, त्यावर चर्चाही नको. चाफ्याला मात्र मी हात लावणार नाही.

सावली हवी

मी आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी होतो, त्यामुळे माझा प्रश्न फुलांचा नाहीच. एप्रिल-मेमध्ये दुपारी वॉचमन कुठे बसतो? मुलं स्कूलव्हॅनची वाट बघत कुठे उभी राहतात? तुम्ही ज्यांचं कौतुक करता ती पळस, पांगारा, काटेसावर ऐन उन्हाळ्यात उघडी पडतात. बहावा मेमध्ये पिवळाधमक दिसतो, पण त्याच्याखाली उभं राहिलात तर डोकं तापतंच. पठारावरची झाडं पाणी वाचवायला पानं टाकतात, हा त्यांचा धर्म आहे, पण आम्हाला त्याच महिन्यांत सावली लागते. रेन ट्रीने शहरांना जी सावली दिली ती नाकारून चालणार नाही. आणि एक, काटेसावरीचा कापूस एप्रिलमध्ये घराघरांत शिरतो तेव्हा सभासदांचे फोन सेक्रेटरीलाच येतात.

टेकडीवाली

सावलीचा मुद्दा पूर्ण मान्य. त्यासाठीच करंज सुचवते. करंज साधारण फाल्गुनात पानं टाकतो आणि बघता बघता कोवळ्या, तकतकीत पोपटी पालवीने भरून जातो. एप्रिलच्या मध्याला त्याच्याखाली गार सावली असते. फिकट जांभळट-पांढरी फुलं खाली पडून सडा होतो आणि झाडभर मधमाश्या गुणगुणत असतात. कडुनिंब आणि वावळही पालवी उन्हाळ्यातच धरतात. म्हणजे गेटपाशी, व्हॅनच्या थांब्यावर करंज, आणि बहावा जिथे बघायचा तिथे. करंजाच्या पानांवर गाठी येतात, अळ्या पानं गुंडाळतात. लोक रोग समजून फवारणी करून घेतात. कृपा करून करू नका, त्या अळ्यांवरच पक्ष्यांची पिल्लं वाढतात.

रेन ट्रीबद्दल सांगायचं तर त्याचा पसारा आमच्या दोन इमारतींमधल्या अंतरापेक्षा मोठा होतो. आणि मुंबईत पिठ्या ढेकणाने रेन ट्री कसे वाळून गेले ते सगळ्यांनी पाहिलंय. एकाच जातीवर सावली सोपवली की असं होतं.

मातीकाम

मी बागा आखून देण्याचा व्यवसाय करते, तेव्हा त्या यादीमागचं गणित सांगते. टेकडीवाली, तुमच्या आवारातली बाग जमिनीवर आहे की पार्किंगच्या स्लॅबवर? हे धाग्यात कुठेच आलेलं नाही आणि निम्मा वाद इथेच मिटतो.

हल्लीच्या सोसायट्यांत बाग पोडियमवर असते. खाली गाड्या, मध्ये स्लॅब, वर वॉटरप्रूफिंग आणि दोन-तीन फूट माती. ओली माती घनमीटरला जवळपास दोन टन भरते. स्लॅब तेवढ्यासाठी बांधलेला नसेल तर माती वाढवता येत नाही, आणि तेवढ्या मातीत करंज काय, वावळ काय, मोठं कुठलंच झाड तग धरत नाही. तिथे पाम लावतात कारण त्याची मुळं बारीक आणि झुपक्यात राहतात, जाड होऊन स्लॅब उचलत नाहीत. त्यात वाईट हेतू नसतो. मात्र कोनोकार्पस सुचवणाऱ्यांची बाजू मी घेणार नाही आणि स्पॅथोडिया पोडियमवर तर अजिबात नको, त्याच्या फांद्या कडाकड मोडतात.

दुसरी अडचण रोपांची. बिल्डरला ताबा देताना बाग भरलेली दिसायला हवी असते, म्हणून बारा-पंधरा फुटी झाडं मागवतात. नर्सऱ्यांत त्या उंचीला टॅबेबुया आणि पाम तयार मिळतात. शिवण किंवा मेडशिंगी मागितली तर दीड फुटाचं रोप मिळतं, तेही नशीब असेल तर. उंच झाड घ्यायचंच असेल तर पिशवी फाडून मुळं बघा. वर्षानुवर्षं पिशवीत राहिलेल्या झाडाची मुळं तळाशी गोल गोल फिरून दोरखंडासारखी वळलेली असतात. तसंच लावलं तर ती जमिनीतही गोलच फिरत राहतात आणि काही वर्षांनी वळवाच्या वाऱ्यात झाड आडवं होतं. लोक मग झाडाच्या जातीला दोष देतात.

कास पठार

शेवटचं वाक्य गुलमोहराला शंभर टक्के लागू आहे. गुलमोहर ठिसूळ, गुलमोहर पडतो, हे सगळे म्हणतात. बुंध्याला चिकटून पेव्हर ब्लॉक बसवलेले असतात, एका बाजूची मुळं केबलच्या चरात तोडलेली असतात. अशा अवस्थेत कडुनिंबही पडेल.

माळरान

कडुनिंब उशिरा पडेल. गुलमोहराचं लाकूड मुळातच हलकं आणि मुळं उथळ, त्यामुळे चर खणला की पहिला फटका त्यालाच बसतो. मोकळ्या मैदानात जरूर लावा. पार्किंगच्या आणि मुलांच्या खेळण्याच्या जागेवर नको, मग त्याचा दिवस साजरा होवो वा न होवो.

दापोलीकर

पुणेकरांच्या देशी झाडांच्या याद्यांत निम्मी झाडं आमच्या कोकणातली असतात, हे सांगायला आलो. ताम्हण राज्यफूल म्हणून सगळ्यांना हवं असतं. ते ओढ्याकाठचं, पाणथळ जागेचं झाड. आमच्याकडे वहाळाच्या कडेला जसं फुलतं तसं मुरमाड जमिनीत पाण्याशिवाय फुलणार नाही. सीतेच्या अशोकाला ओल आणि सावली लागते, त्याला पश्चिमेच्या भिंतीला लावून तापवू नका. सुरंगीचा तर विचारही नको. देशी म्हटलं की महाराष्ट्राचा नकाशा डोळ्यांपुढे आणता, पण झाडाला तालुका कळतो. टेकडीवाली, तुमच्या स्वतःच्या टेकडीवर जे आपोआप उगवतं ते लावा.

श्वास

दम्याचा रुग्ण म्हणून एक विनंती. सातवीण देशी आहे, सदाहरित आहे, सरळ वाढते, म्हणून रस्तोरस्ती ओळीने लावून ठेवली. दिवाळीच्या आसपास फुलते तेव्हा संध्याकाळी आमच्या गल्लीत खिडक्या बंद ठेवाव्या लागतात. जंगलात एखादं झाड असतं, इथे एका रस्त्यावर रांगच्या रांग. देशी झाडांचीही ओळ लावू नका, एवढंच.

टेकडीवाली

सगळ्यांचे आभार. आमची पुढची हिरवळ पोडियमवरच आहे. दोन्ही बाजूंच्या पट्ट्या आणि मागची भिंत मात्र खऱ्या जमिनीवर, खाली मुरूम. त्यामुळे ठराव असा बदलते: जमिनीवरच्या पट्ट्यांत फक्त दख्खनी झाडं. इथे ‘फक्त’ ठेवणारच, कारण मोठी झाडं लावायला एवढीच जागा आहे आणि ती पुढची पन्नास वर्षं अडणार आहे. गेटपाशी करंज, बाजूला बहावा आणि शिवण, कोरड्या भागात मेडशिंगी. मेडशिंगी आमच्या टेकडीवरचीच, लहान चणीची, तिची शुभ्र फुलं रात्री उमलतात आणि शेंगा मेंढ्याच्या शिंगासारख्या वळतात, तरी कुठल्याच बागेच्या यादीत नसते. मागे कोनोकार्पसऐवजी करवंदीचं कुंपण. करवंदं मुलं खातील आणि काट्यांतून कुत्रंही आत यायचं नाही. पोडियमवर पारिजातक, कुंती, पांढरा कुडा आणि धायटी चालतील का, मातीकाम?

एका कोपऱ्यात उंबर हवा आहे. वड-उंबरांची फळं खायला हरियाल येतात आणि आपल्या राज्यपक्ष्याला शहरात खायला दुसरं उरलंय काय?

मातीकाम

चालतील. धायटी उन्हाच्या कडेला लावा, कुंती थोडी सावलीही सोसते. पारिजातकाच्या मुळाशी पाणी साचू देऊ नका, पोडियमवर निचऱ्याच्या जाळ्या दर पावसाळ्याआधी साफ करून घ्या. माझा आग्रह एकच की पामच्या जागी जे येईल त्याची छाटणी कोण करणार ते ठरावात लिहा. झुडपं दोन वर्षं वाढू दिली आणि मग माळ्याने एकदम कमरेपासून कापली, असंच बहुतेक ठिकाणी होतं.

सावली हवी

करंजाला माझं मत. उंबराला नाही. त्याची मुळं पाण्याचा माग काढत ड्रेनेजच्या चेंबरमध्ये जातात. चेंबर फुटला की खर्च सगळ्यांच्या मेन्टेनन्समधून होतो आणि हरियाल त्यात वर्गणी देत नाही. टेकडीवर लावा, वनखात्याशी बोलून. आणि पहिले तीन उन्हाळे टँकरचं पाणी रोपांना मिळणार की गाड्या धुवायला, हे रविवारीच विचारा. दीड फुटाची रोपं मे महिन्यात वाळली तर पुढच्या वर्षी हीच पामची यादी परत येईल.

कास पठार

आणि मागच्या बाजूला एखादा जुना गुलमोहर असेल तर? नवीन ठरावाच्या जोरावर कुणीतरी कुऱ्हाड घेऊन येईल, ही माझी खरी भीती आहे.

टेकडीवाली

आहे, आणि तो राहणार. ठरावात वेगळं कलम घातलंय की परदेशी आहे या कारणावरून एकही उभं झाड तोडायचं नाही. तसंही १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्याप्रमाणे आवारातलं झाडही परवानगीशिवाय तोडता येत नाही, आणि २०२१ च्या दुरुस्तीनंतर पन्नास वर्षांवरच्या झाडांना हेरिटेज म्हणून आणखी संरक्षण आहे. त्या गुलमोहराच्या बुंध्याभोवतीचे पेव्हर ब्लॉक मीटरभर मागे घ्यायचा खर्चही अंदाजपत्रकात टाकला आहे.

उंबरावर सावली हवी यांच्याशी पटत नाही. चेंबर पूर्वेला आहे आणि मी कोपरा मागते तो पश्चिमेचा, दोन्हींमध्ये अख्खी इमारत आहे. ते मतदानाला टाकते. पाण्यासाठी सांडपाणी प्रकल्पाचं शुद्ध केलेलं पाणी मागच्या पट्टीपर्यंत आणायची पाइपलाइन ठरावातच जोडते. खड्डे तीन फुटी, मेमध्ये काढून उन्हात तापू द्यायचे, वरची माती आणि शेणखत मिसळून भरायचे आणि दोन चांगले पाऊस झाल्यावरच रोपं लावायची. मेडशिंगीची रोपं पुण्याजवळ कुणाकडे असतील तर इथेच कळवा, सहा हवी आहेत.