दीड वर्षाच्या गाडीचा एसी: गॅस भरून मोकळं व्हायचं की गळती शोधायची? चार ठिकाणच्या चौघांची चर्चा

टिळकवाडी, बेळगाव
मार्च लागला की आपल्याकडे एकच सल्ला ऐकू येतो: "एसी गार करेना? गॅस मारून घे." दहा वर्षं वापरलेल्या गाडीला हा सल्ला एकवेळ चालेल. वर्ष-दीड वर्षाच्या गाडीला तो देऊच नये, असं माझं ठाम मत आहे.

एसीचा गॅस पेट्रोलसारखा खर्च होत नाही. बंद नळ्यांतून तोच गॅस फिरत राहतो. रबरी होज आणि सील यांतून थोडा झिरपतो हे खरं, पण किती? युरोपने २००६ साली ठरवलेली मर्यादा एका कूलिंग कॉइलच्या (आतली हवा गार करणाऱ्या जाळीच्या) गाडीला वर्षाला ४० ग्रॅम आहे. लहान गाडीत एकूण गॅसच साधारण ३५० ते ५०० ग्रॅम बसतो. तेव्हा चौदा महिन्यांत पावणेदोनशे ग्रॅम गेला असेल तर ती झीज नव्हे, गळती आहे. वरून गॅस भरला की महिना-दोन महिने गारवा येतो आणि गळती झाकली जाते. वॉरंटी मात्र तिच्या चालीने संपत असते.

शोरूममध्ये मागायचं ते एवढंच: मशीनने गॅस पूर्ण काढा आणि तोला. बॉनेटखालच्या स्टिकरवरचा आकडा, निघालेला गॅस, भरलेला गॅस, तिन्ही जॉब कार्डावर (शोरूमच्या कामाच्या कागदावर) ग्रॅममध्ये लिहून घ्यायचे. "गेज लावून बघितलं, गॅस फुल आहे" हे उत्तर बंद गाडीवर घेतलेल्या दाबाचं असेल तर मान्य करू नका. ३० अंशाला आर १३४ए या एसीच्या गॅसचा दाब ९५ ते १०० पीएसआय (दाबाचं माप) असतो, आणि आत थोडा जरी द्रव शिल्लक असला तरी तो तेवढाच दाखवतो. २५० ग्रॅम असो की ४५०, सुई हलत नाही.

निपाणी
कागदावर सगळं बरोबर आहे, पण वस्तुस्थिती वेगळी आहे. वॉरंटीत गाडी नेली की बहुतेक ठिकाणी तेही टॉपअपच करतात. गळती दिसावी म्हणून डाय (रंग) घालतात, "पंधरा दिवसांनी या" म्हणतात आणि दुसऱ्या खेपेला "लीक सापडला नाही" असा शेरा मारतात. दोन-तीन फेऱ्यांत मे संपतो. अथणी-रायबागकडच्या उन्हात घरातल्या म्हाताऱ्या माणसांना घेऊन फिरणाऱ्याला हे परवडत नाही.

चांगला एसी फिटर नायट्रोजन भरून १५० पीएसआयच्या आसपास दाब धरतो, प्रत्येक जोडाला साबणाचं पाणी लावतो आणि अर्धा-पाऊण तास सुई बघतो. गळती पुष्कळदा सर्व्हिस व्हॉल्व्हच्या (गॅस भरायच्या तोंडाच्या) पिनेत किंवा कंडेन्सरच्या (गाडीच्या पुढच्या बाजूला गॅस थंड करणाऱ्या जाळीच्या) जोडावरच्या ओ-रिंगमध्ये (रबरी कडीत) निघते. दोन्ही वस्तू किरकोळ किमतीच्या. त्यासाठी महिनाभर भांडत बसायचं?

आणि कंडेन्सर महामार्गावरच्या खडीने फुटला असेल तर शोरूमवाले वॉरंटी नाकारणारच. "बाहेरून मार बसलाय" म्हणतात, आणि ते खोटंही नसतं. मग तिथे जायचं कशाला?

खानापूर
तुम्ही दोघेही दोष गॅसचाच आहे असं धरून चाललाय. आधी लक्षणं तर बघा की.

गाडी पळताना गार आणि सिग्नलला गरम हवा: कंडेन्सरचा पंखा, त्याचा रिले (विजेचा छोटा स्विच), नाहीतर कंडेन्सरवर बसलेला कचरा. गाळप हंगामात उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉलीमागून महिनाभर गाडी चालली की वाळका पाला आणि धूळ पुढच्या जाळीतून आत जाऊन पातळ पात्यांत गच्च बसते. पाईपने हलक्या दाबाने धुवायचं. प्रेशर वॉशर जवळ धरला तर पाती मुडपतात आणि दुखणं वाढतं. असल्या गाडीत आणखी गॅस भरला तर हाय साइडचा (गॅस दाबून फिरवणाऱ्या कॉम्प्रेसरच्या पुढच्या बाजूचा) दाब, जो ३५ अंशाच्या हवेत साधारण २०० ते २५० पीएसआय असायला हवा, तो ३०० च्या वर जातो. प्रेशर सेन्सर कॉम्प्रेसर बंद करतो आणि मालकाला वाटतं गॅस अजून कमीच आहे.

पहिला अर्धा तास झकास गार, मग झोत मंदावतो, एसी बंद करून दहा मिनिटांनी लावला की परत ठीक: कूलिंग कॉइलवर बर्फ धरतोय. तापमान सांगणारा सेन्सर बघा. गॅस कमी असला तरीही असं होतं, म्हणून वजन हवंच. डॅशबोर्डातून टिकटिक येते आणि गरम-गार नीट बदलत नाही: हवेची झडप फिरवणारी छोटी मोटर, तिचे प्लॅस्टिकचे दाते गेलेत. दोन्ही बाजूंचा दाब एकसारखा: कॉम्प्रेसर ढकलतच नाही, आधी त्याचा क्लच आणि रिले, आणि क्लच नसलेल्या गाडीत कंट्रोल व्हॉल्व्ह.

आमच्या भागात पावसाळ्यात डाव्या पायाशी पाणी साचतं, तो एसीचा बिघाड समजला जातो. बहुतेक वेळा निचऱ्याची नळी चिखलाने बंद झालेली असते. रानाजवळ गाडी लावत असाल तर केबिन फिल्टर आधी काढून बघा. उंदीर तिथेच घर करतात. कुरतडलेली वायर वॉरंटीत बसत नाही.

टिळकवाडी, बेळगाव
खानापूरचं बरोबर आहे, क्रम तोच हवा: आधी लक्षण, मग वजन.

निपाणीकरांना मात्र उत्तर देतो. ओ-रिंग किरकोळ आहे, पण बाहेर नट उघडला की पुढे कॉम्प्रेसर जाम झाला तर "सिस्टीम बाहेर उघडली होती" हे वाक्य तयार असतं. आणि कॉम्प्रेसर किरकोळ नाही. बाहेर तेलाचा हिशोबही कुणी ठेवत नाही. कंडेन्सर बदलला की गाडीच्या मॅन्युअलप्रमाणे, साधारण ३० ते ४० मिली, ठरलेल्या ग्रेडचं पॅग (कॉम्प्रेसरचं) तेल घालावं लागतं. ते विसरलं की कॉम्प्रेसर कोरडा चालतो.

खडीने फुटलेल्या कंडेन्सरला वॉरंटी नाही, पण विमा आहे. स्वतःच्या गाडीचं नुकसान भरून देणारी पॉलिसी असेल तर आधी विमा कंपनीला कळवा, फोटो काढा, आणि सर्व्हेअर येईपर्यंत एकही नट खोलू देऊ नका. लहान दाव्याला पुढच्या वर्षीचा नो-क्लेम बोनस जातो, त्याचा हिशोब करूनच दावा टाका.

व्हॅक्यूमबद्दलही (गॅस भरण्याआधी पंपाने नळ्यांतली हवा काढतात त्याबद्दल) एक गोष्ट. पुस्तकातला आकडा २९ इंच (पाऱ्याचे) असतो, पण तो समुद्रसपाटीचा. बेळगाव ७५० मीटरच्या आसपास उंचीवर आहे. इथे हवेचा दाबच कमी, त्यामुळे पंप कितीही चांगला असला तरी सुई २७ च्या थोडी पुढेच थांबते. जॉब कार्डावर "२९ इंच, ३० मिनिटं" लिहिलेलं असेल तर गेज कुणी बघितलेलाच नाही, किंवा तो चुकीचा तरी आहे. शिवाय व्हॅक्यूम धरला म्हणजे गळती नाही, असं होत नाही. व्हॅक्यूममध्ये जोडावर फरक पडतो १३ पीएसआयचा, चालू एसीत हाय साइडला दोनशेच्या वर.

गोकाक
शोरूम दाद देत नाही म्हणून सोडून द्यायचं कारण नाही. सीमाभागात पुष्कळ जण गाडी कोल्हापुरात घेतात, पासिंग कर्नाटकातल्या केए २२ किंवा २३ चं करतात, आणि वॉरंटीसाठी कोल्हापूरलाच जायला हवं असं समजतात. तसं नाही. त्याच कंपनीच्या कुठल्याही अधिकृत वर्कशॉपमध्ये वॉरंटी चालते. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ च्या कलम ३४ प्रमाणे तक्रारदार जिथे राहतो तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते, म्हणजे विक्रेता महाराष्ट्रात असला तरी बेळगावात. मुदत दोन वर्षं. फी गाडीसाठी मोजलेल्या रकमेवर: ५ ते १० लाखांना २०० रुपये, १० ते २० लाखांना ४००. त्याआधी १९१५ या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून नंबर घ्या.

निपाणी
आयोगाचं नाव घेणं सोपं आहे. तिथे दोष सिद्ध करायची जबाबदारी आपल्यावर पडते, तज्ज्ञाचा अहवाल लागतो, तारखा पडत राहतात. एसीसाठी नवी गाडी बदलून मिळेल ही आशा तर कुणी धरूच नये.

गोकाक
नवी गाडी मागायचीच नाही. मागायची ती फुकट दुरुस्ती, दोष कायमचा काढून. एकाच तक्रारीची तीन जॉब कार्डं आणि तिन्हींवर ग्रॅममधलं वजन असेल तर ते अहवालाइतकंच बोलतं. "कस्टमर कम्प्लेंट: एसी चेक" एवढंच लिहिलेलं कार्ड सही न करता परत द्या. "बाहेर ३६ अंश, डॅशबोर्डाच्या मधल्या जाळीत १७ अंश, रीसर्क्युलेशन चालू, १५०० आरपीएम, दहा मिनिटांनी" असं लिहायला लावा. थर्मामीटर दोन-तीनशे रुपयांत मिळतो. चांगल्या एसीत त्या उन्हात ६ ते १० अंश यायला हवेत.

निपाणी
वजन आणि तापमान लिहून घ्यायचं हे मान्य. वॉरंटीत पहिली खेप शोरूमलाच, हेही मान्य. पण दुसऱ्यांदा "लीक सापडला नाही" लिहून दिलं तर तिसरी खेप घालणार नाही. बाहेर नायट्रोजन टेस्ट करून घेणार. एक अपवाद मात्र धरायलाच हवा: इलेक्ट्रिक आणि हायब्रिड गाड्या. त्यांच्या हाय व्होल्टेज कॉम्प्रेसरला वीज न वाहणारं पीओई तेल लागतं. नेहमीचं पॅग तेल गेलं की इन्सुलेशन उतरतं आणि गाडी सुरूच होत नाही. त्या गाड्या बाहेर उघडू नयेत.

खानापूर
तिसऱ्या खेपेआधी सर्व्हिस व्हॉल्व्हवरच्या दोन टोप्या बघा. गॅस अडवणारं खरं सील त्या टोपीतलं रबर असतं, आतली पिन नव्हे. गेज काढल्यावर टोपी लावायची राहिली, असं फार गाड्यांत दिसतं. आणि बाहेर टेस्ट करायचीच तर कूलिंग कॉइल विसरू नका: निचऱ्याच्या नळीच्या तोंडाशी इलेक्ट्रॉनिक डिटेक्टर धरा, ब्लोअर बंद ठेवून पंधरा मिनिटांनी. तिथे वाजला तर बाहेर डॅशबोर्ड मुळीच उतरवू देऊ नका. ते सहा-आठ तासांचं काम आहे, आणि नीट बसला नाही तर पुढे कायम कुरकुरतो. ते शोरूमनेच वॉरंटीत करून द्यायचं.