मिनॉक्सिडिल, फिनास्टेराइड की थेट हेअर ट्रान्सप्लांट?

प्रश्न:
वय २९, कपाळाच्या दोन्ही कोपऱ्यांतून केस मागे सरकलेत, सकाळी उशीवर केस दिसले की पोटात गोळाच येतो. काय करू? जाम गोंधळलोय.

उत्तर १:
ट्रान्सप्लांटची घाई नको रे. डोक्यामागचे केस डीएचटीला (केस गळवणाऱ्या हार्मोनला) दाद देत नाहीत म्हणून ते पुढे लावले तरी टिकतात, पण आसपासचे मूळचे केस गळतच राहतात, मग औषध नसेल तर लावलेला पट्टा तेवढा उरतो आणि त्याच्या मागे मोकळं रान.

उत्तर २:
मी ५ टक्के मिनॉक्सिडिल लावतो. सुरुवातीला गळती उलट वाढली, अंघोळीनंतर जाळीवर केसांचा पुंजका बघून बाटली फेकणारच होतो, थांबलो ते बरं झालं, पाचव्या महिन्यात फरक दिसला. बंद केलं की मात्र आलेले केस जातात.

उत्तर ३:
फिनास्टेराइडची १ मिलिग्रॅमची गोळी डीएचटी कमी करते, पण काहींना लैंगिक तक्रारी येतात, काहींचं मन उदास होतं, त्यामुळे स्किनच्या डॉक्टरला विचारल्याशिवाय नकोच. आणि पुढे कधी पीएसए टेस्ट (प्रोस्टेटसाठीची रक्ततपासणी) केलीस तर गोळी चालू असल्याचं आठवणीने सांग, आकडा साधारण निम्मा येतो.