क्रानला पॅकेज पाठवण्याआधीची तपासणी: टेस्ट सगळ्या पास, पण चेकमध्ये २ एरर, २ वॉर्निंग, ४ नोट

काळाघोडा_पूल (बडोदा)

नमस्कार मंडळी,

आर या संख्याशास्त्राच्या भाषेतलं एक छोटं पॅकेज क्रानवर (आरच्या पॅकेजांचं अधिकृत ऑनलाइन भांडार) पाठवायचं आहे. विश्वामित्री नदीची काळा घोडा पुलापाशी मोजलेली दर वर्षाची कमाल पातळी घ्यायची, तिला गंबेल डिस्ट्रिब्युशन (कमाल आकड्यांसाठीचं संभाव्यता-वितरण) बसवायचं आणि २५, ५० व १०० वर्षांच्या रिटर्न पिरियडची (सरासरी तेवढ्या वर्षांतून एकदा गाठली जाणारी) पातळी बूटस्ट्रॅपच्या (आकडे पुन्हा पुन्हा निवडून काढलेल्या) कॉन्फिडन्स इंटरव्हलसकट द्यायची, एवढंच त्याचं काम. वापरणारे इथले मराठी विद्यार्थी आहेत, म्हणून ठिकाणांची नावं देवनागरीतच ठेवली आहेत: काळा घोडा, कारेलीबाग, समा, आजवा.

विंडोज ११, आर ४.४, आरस्टुडिओ. डेव्हटूल्सने टेस्ट चालवल्या की सगळ्या पास होतात. पण आर सीएमडी चेक (पॅकेज तपासणारी आरची आज्ञा) ‘अ‍ॅज-क्रान’ लावून चालवलं की हे येतं:

एरर १, उदाहरणं चालवताना: ‘८ सायमल्टेनियस प्रोसेसेस स्पॉन्ड’.
एरर २, टेस्टमध्ये: ‘कॅनॉट ओपन फाइल’. फाइलचा पत्ता ‘../../डेटा_रॉ/आजवा.सीएसव्ही’ असा दिला आहे.
वॉर्निंग १: आर कोडमध्ये नॉन-आस्की अक्षरं (साध्या इंग्रजी अक्षर-अंक-चिन्हांबाहेरची).
वॉर्निंग २: पीडीएफ मॅन्युअल करताना लाटेकची (पीडीएफची अक्षरजुळणी करणारी प्रणाली) चूक, क हे अक्षर ‘यू+०९१५’ बसवलेलं नाही अशा अर्थाची.
नोट १: न्यू सबमिशन, शिवाय डिस्क्रिप्शनमधले (पॅकेजच्या माहितीची फाइल) विश्वामित्री, वडोदरा, आजवा हे शब्द स्पेलिंग चुकल्यासारखे दाखवलेत.
नोट २: सर्वांत वरच्या पातळीवर ‘डेटा_रॉ’ हे अनोळखी फोल्डर.
नोट ३: ‘लेव्हल_एफटी’साठी ‘नो व्हिजिबल बाइंडिंग फॉर ग्लोबल व्हेरिएबल’.
नोट ४: डेटामध्ये ‘मार्क्ड यूटीएफ-८ स्ट्रिंग्ज’ सापडल्या (यूटीएफ-८ म्हणजे युनिकोड अक्षरं साठवायची पद्धत).

यातलं आधी काय हातात घ्यावं? मराठी नावं काढूनच टाकावी लागतील का? आणि ‘नो-मॅन्युअल’ लावलं की दुसरी वॉर्निंग जाते, तसं केलं तर चालेल का?

---

टारबॉल

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. ‘नो-मॅन्युअल’ने वॉर्निंग फक्त तुमच्या पडद्यावरून जाते. क्रानच्या मशीनवर मॅन्युअल बनतंच, तिथे ती पुन्हा येईल. तुमच्या मशीनवर लाटेकच नसेल तेवढ्यापुरता तो पर्याय ठीक. लाटेक हवं असेल तर टायनीटेक ही त्याची छोटी आवृत्ती पुरेशी आहे.

एरर २ आधी घ्या, कारण तो समजला की निम्मी तपासणी समजली. चेक तुमचं फोल्डर बघतच नाही. आधी बिल्ड होतं, त्यातून टारबॉल (पॅकेजची एकत्र बांधलेली फाइल) निघतो, तो वेगळ्या लायब्ररीत इन्स्टॉल होतो आणि मग टेस्ट्स नावाचं फोल्डर उचलून ‘पॅकेजनाव.आरचेक’ या नव्या फोल्डरमध्ये ठेवून तिथून चालवलं जातं. तुमच्या मूळ फोल्डरमध्ये ‘टेस्ट्स/टेस्टदॅट’मधून दोन पायऱ्या वर चढलं की पॅकेजचं मूळ फोल्डर लागतं आणि तिथे डेटा_रॉ सापडतं. चेकमध्ये त्याच दोन पायऱ्या चढल्या की ‘.आरचेक’ फोल्डर लागतं. तिथे डेटा_रॉ नाही, असणारही नाही. चेकच्या ठिकाणी तीच परिस्थिती असते जी पॅकेज उतरवून घेणाऱ्या अनोळखी माणसाच्या संगणकावर असेल, म्हणून तिचं ऐकायचं.

उपाय असा. आजवाच्या फाइलमधल्या टेस्टला लागतात तेवढ्याच दहा-बारा ओळी ‘टेस्ट्स/टेस्टदॅट/फिक्स्चर्स’मध्ये ठेवा आणि पत्ता टेस्टदॅटच्या ‘टेस्ट_पाथ’ने घ्या. फाइल वापरणाऱ्यांनाही द्यायची असेल तर ‘इन्स्ट/एक्स्टडेटा’त ठेवा आणि ‘सिस्टिम.फाइल’ने शोधा. इन्स्टॉल होताना ‘इन्स्ट’ हा टप्पा गळून पडतो, त्यामुळे ‘सिस्टिम.फाइल’ला नुसतं ‘एक्स्टडेटा’ सांगायचं. तिथे ‘मस्टवर्क = ट्रू’ विसरू नका. ते नसेल तर फाइल न सापडल्यावर हे फंक्शन मुकाट्याने रिकामी स्ट्रिंग परत करतं आणि चूक चार ओळी पुढे, भलत्याच नावाने फुटते.

नोट २ त्याच गोष्टीचं दुसरं टोक आहे. टिंबाने सुरू होणाऱ्या आरबिल्डइग्नोर फाइलमध्ये (टारबॉलमधून काय वगळायचं त्याची यादी) एक ओळ घाला: ^डेटा_रॉ$ (नाव अर्थात तुमच्या फोल्डरचं, रोमन अक्षरांत). सुरुवातीचं टोपीचिन्ह आणि शेवटचं डॉलर गाळू नका. ती ओळ साधं नाव नसते, पॅटर्न असते, आणि लहान-मोठ्या लिपीचा फरकही त्यात धरला जात नाही. घाईत नुसतं ‘डेटा’ लिहिलंत तर खरं डेटा फोल्डर आणि आर फोल्डरातली डेटा.आर ही फाइलसुद्धा टारबॉलमधून गायब होईल, आणि मग डेटासेट सापडत नाही म्हणून तुम्ही भलतीकडे शोधत बसाल. शंका आली की टारबॉल उघडून आत काय आहे ते बघा. दोन मिनिटांचं काम आहे.

नोट ३: डीप्लायरच्या फिल्टरमध्ये ‘लेव्हल_एफटी > २६’ असं लिहिलं असणार (धोक्याची पातळी २६ फूट, म्हणून). तपासणारं कोड चालवत नाही, नुसतं वाचतं. लेव्हल_एफटी हा स्तंभ आहे हे त्याला कळायचा मार्ग नाही. आरलँगमधून ‘.डेटा’ इम्पोर्ट करा आणि ‘.डेटा$लेव्हल_एफटी’ लिहा. मात्र सिलेक्टमध्ये ‘.डेटा’ वापरू नका, टायडीसिलेक्ट १.२.० पासून ते तिथे बाद ठरवलं आहे. तिथे अवतरणात नाव द्या. ‘ग्लोबलव्हेरिएबल्स’ने नोट जाते हे खरं, पण ती घोषणा पूर्ण पॅकेजला लागू होते. उद्या कुठे त्याच नावाचं खरंखुरं व्हेरिएबल द्यायचं राहून गेलं तर सांगणारं कुणी उरत नाही. म्हणून तो उपाय मी शेवटचा धरतो.

आणि एक सवय लावून घ्या. पडद्यावरचा सारांश वाचून थांबू नका. ‘.आरचेक’ फोल्डरात ‘००चेक.लॉग’, ‘००इन्स्टॉल.आउट’ आणि टेस्ट पडल्या असतील तर ‘टेस्टदॅट.आरआउट.फेल’ असतं. टेस्ट नेमकी कुठे थांबली ते तिथे पूर्ण असतं. इन्स्टॉलच झालं नसेल तर ‘००इन्स्टॉल.आउट’मधली पहिली चूक धरा, बाकीच्या बहुतेक तिच्याच पोटातल्या असतात.

---

अनुस्वार

मराठी नावं काढायची गरज नाही. ती कुठे ठेवायची एवढंच बदला.

नियम असा आहे की कोडमध्ये आस्कीच हवं, कॉमेंट सोडून. टूल्स पॅकेजमधलं ‘शोनॉनआस्कीफाइल’ फंक्शन आर फोल्डरातल्या एकेका फाइलवर चालवा, दोषी ओळी नंबरासकट दिसतात. पुष्कळदा देवनागरीसोबत दुसरंच काही सापडतं: वेबपानावरून चिकटवताना आलेलं वाकडं अवतरणचिन्ह, लांब डॅश, किंवा डोळ्याला न दिसणारी नॉन-ब्रेकिंग स्पेस. ते आधी साफ करा.

देवनागरी स्ट्रिंग कोडमध्ये ठेवायचीच असेल तर प्रत्येक अक्षर बॅकस्लॅश, यू आणि चार अंकी कोड असं लिहावं लागतं. व म्हणजे ०९३५. स्ट्रिंगी पॅकेजचं ‘स्ट्राय_एस्केप_युनिकोड’ हे एका झटक्यात करून देतं. पण ‘काळा घोडा’ ही आठ चिन्हांची स्ट्रिंग अशी लिहिली की सहा महिन्यांनी कुणाला वाचता येणार नाही. म्हणून माझा आग्रह असा की ठिकाणांचा एक तक्ता डेटासेट म्हणून ठेवा. एका स्तंभात रोमन संकेत, दुसऱ्यात मराठी नाव, आणि कोडमध्ये सगळीकडे रोमन संकेतच वापरा. मग वॉर्निंग १ संपते. नोट ४ मात्र राहील, कारण डेटात यूटीएफ-८ आहे ही तिची नुसती नोंद आहे. ती राहू द्या. डिस्क्रिप्शन फाइलमध्ये ‘एन्कोडिंग: यूटीएफ-८’ आहे ना, तेवढं बघा. फाइलींची नावं मात्र रोमनच हवीत, तिथे देवनागरी चालत नाही.

वॉर्निंग २ मदतपानांमुळे येते. तिथे कुठेतरी देवनागरी आहे, बहुधा ‘व्हॅल्यू’ किंवा ‘डिटेल्स’मध्ये, आणि आरच्या मॅन्युअलचं नेहमीचं लाटेक देवनागरी घेत नाही. आरडीमध्ये (मदतपानं लिहायची भाषा) ‘इफएल्स’ हा आदेश आहे. त्यात एचटीएमएलसाठी देवनागरी आणि बाकीच्यांसाठी रोमन नाव देता येतं. विद्यार्थी मदतपान ब्राउझरमध्येच उघडतात, त्यामुळे त्यांना मराठी दिसेल आणि पीडीएफही बिनबोभाट बनेल.

विंडोजवर आर ४.२.० पासून यूटीएफ-८ हेच मूळ एन्कोडिंग झालं आहे (विंडोज १० ची १९०३ आवृत्ती किंवा नंतरची लागते). जुन्या आरवर ग्राफच्या अक्षावर देवनागरीऐवजी ‘<यू+०९१५>’ असं छापलेलं दिसतं. प्रयोगशाळेतल्या संगणकांवर जुनं आर असेल तर डिस्क्रिप्शनमध्ये ‘डिपेंड्स: आर (>= ४.२)’ घालून मोकळे व्हा.

अजून एक सापळा आहे, तुमच्या यादीत तो नाही पण येऊ शकतो. नावं क्रमाने लावणारी टेस्ट असेल तर क्रम लोकेलवर (संगणकाच्या भाषा-प्रदेशाच्या सेटिंगवर) ठरतो आणि मशीनगणिक बदलतो. युनिकोडमध्ये ळ चा नंबर ल आणि व यांच्या मध्ये आहे, आपल्या वर्णमालेत तो ह च्या नंतर येतो. म्हणजे कोडच्या क्रमाने ‘काळा घोडा’ आधी आणि ‘कासमआला’ नंतर, मराठी क्रमाने बरोब्बर उलट. क्ष आणि ज्ञ यांचीही तीच गत, कारण युनिकोडला ती जोडाक्षरं क आणि ज चीच वाटतात. टेस्टमध्ये ‘सॉर्ट’ला ‘मेथड = रेडिक्स’ द्या, मग क्रम सगळीकडे एकच येतो. वाचकाला दाखवायच्या तक्त्यासाठी क्रमांकाचा वेगळा स्तंभ ठेवा आणि त्यावरून लावा.

---

काळाघोडा_पूल

दोघांचेही मनापासून आभार. डिस्क्रिप्शनमध्ये एन्कोडिंगची ओळ होती. ‘शोनॉनआस्कीफाइल’ने दोन नॉन-ब्रेकिंग स्पेस काढून दाखवल्या. ठिकाणांचा तक्ता डेटात नेला, फिक्स्चर्सही केलं. आता एरर १ आणि दोन नोटच उरल्या आहेत, नोट १ आणि नोट ४. बूटस्ट्रॅपसाठी मशीनचे जेवढे कोअर आहेत तेवढे ‘डिटेक्टकोअर्स’ने घेतो. हेच चुकतंय का? एका कोअरवर २००० फेऱ्यांना पाऊण मिनिट लागतं.

---

रिटर्न_पिरियड

हो, तेच चुकतंय. ‘अ‍ॅज-क्रान’ लावलं की दोनपेक्षा जास्त प्रक्रिया उघडायला बंदी असते. क्रानच्या एकाच मशीनवर एका वेळी अनेक पॅकेजं तपासली जात असतात, म्हणून ती मर्यादा. फंक्शनला ‘कोअर्स’ नावाचं आर्ग्युमेंट द्या, त्याची मूळ किंमत १ ठेवा, आणि जास्त हवे असतील ते वापरणाऱ्याला सांगू द्या. ‘डिटेक्टकोअर्स’ पॅकेजच्या आतून काढूनच टाका. सामायिक सर्व्हरवर ते सगळ्यांचे कोअर बळकावतं, आणि कधी कधी ‘एनए’सुद्धा परत करतं.

दोनवर आणून थांबलात तर पुढची नोट येईल, ती आत्ताच सांगतो. एखाद्या उदाहरणाला ५ सेकंदांपेक्षा जास्त वेळ लागला की त्याचं नाव तक्त्यात छापलं जातं. ‘पॅकेजनाव-ईएक्स.टायमिंग्ज’ या फाइलमध्ये प्रत्येक उदाहरणाचा वेळ मिळतो. तुमच्या आकड्यांनी २००० फेऱ्यांना ४५ सेकंद, म्हणजे ५० फेऱ्यांना सव्वा सेकंदाच्या आत. उदाहरणात ५० च ठेवा आणि शेजारी कॉमेंटमध्ये लिहा की खऱ्या कामाला २००० घ्यावेत. ‘डोंटटेस्ट’मध्ये गुंडाळून वेळ वाचत नाही, आर ४.०.० पासून ‘अ‍ॅज-क्रान’ तेही चालवतं. ‘डोंटरन’ उगाच लावलेलं दिसलं तर परीक्षक हमखास विचारतात.

वेळ मोजताना आणखी एक बघितलं जातं: सीपीयूचा वेळ घड्याळाच्या वेळेच्या २.५ पटींपेक्षा जास्त भरला तरी नोट येते. तुम्ही समांतर काहीच करत नसाल आणि तरी ती आली, तर डेटा.टेबल किंवा ओपनएमपी (समांतर गणनेची सोय) वापरणारं दुसरं पॅकेज आतून धागे (समांतर कामं) उघडतंय असं समजा. टेस्टच्या सुरुवातीला ‘सेटडीटीथ्रेड्स’ २ वर आणा.

पातळीच्या नोंदींना तारीख-वेळ असेल तर टाइमझोन स्पष्ट लिहा, ‘एशिया/कोलकाता’. पहाटे ४ ची नोंद यूटीसीमध्ये आदल्या रात्रीचे १०:३० होते. पुराच्या रात्री कमाल पातळी नेमकी अशाच वेळी आली तर ती भलत्या तारखेला जाते. बडोद्यातल्या मशीनवर हे कधीच उघडकीला येत नाही.

गंबेलचे अंदाज तपासताना ‘एक्स्पेक्ट_आयडेंटिकल’ वापरू नका. इंटेलच्या मशीनवर बेरजा ८० बिटांत होतात, अ‍ॅपलच्या एम१ वर ६४ मध्येच, म्हणून शेवटचे अंक वेगळे येतात. ‘एक्स्पेक्ट_इक्वल’ साधारण १.५ × १०^-८ इतका फरक सोडून देतं. ऑप्टिमायझरमधून आलेल्या आकड्यांना तेही कमी पडेल, तिथे टॉलरन्स १०^-४ द्या.

नोट १ राहणारच, पहिल्या पाठवणीला ती सगळ्यांना येते. सबमिशनच्या फॉर्ममध्ये एक ओळ लिहा की विश्वामित्री हे नदीचं, वडोदरा हे शहराचं आणि आजवा हे जलाशयाचं नाव आहे. तेवढं पुरतं. डिस्क्रिप्शनचा मजकूर ‘धिस पॅकेज’ने सुरू करू नका. प्रत्येक निर्यात केलेल्या फंक्शनच्या मदतपानात ‘व्हॅल्यू’ असू द्या. कोडमध्ये टी आणि एफ नको, ट्रू आणि फॉल्स पूर्ण लिहा. फंक्शनमध्ये ‘पार’ (ग्राफची सेटिंग) बदलत असाल तर लगेच पुढच्या ओळीत ‘ऑन.एग्झिट’ने पूर्ववत करा. हे चेक पकडत नाही, माणूस पकडतो, आणि त्यात एक फेरी वाया जाते.

पाठवण्याआधी विन-बिल्डरवर (विंडोजवर पॅकेज तपासून देणारी ऑनलाइन सेवा) आर-डेव्हलसाठी (आरची विकासातली आवृत्ती) टारबॉल चढवा. निकालाची लिंक मेंटेनरच्या ईमेलवर येते आणि काही दिवसांत बंद होते, म्हणून लॉग उतरवून ठेवा.

---

काळाघोडा_पूल

कोअर्स १ केलं, उदाहरणात ५० फेऱ्या. विन-बिल्डरवर आर-डेव्हलमध्ये ० एरर, ० वॉर्निंग, २ नोट: न्यू सबमिशन आणि यूटीएफ-८ ची. टाइमझोनची टेस्ट घातली तर एक नोंद खरोखरच आदल्या दिवशी जात होती, ती सुधारली. परत आलंच तर आवृत्ती ०.१.० च ठेवून पाठवायचं का?

---

टारबॉल

०.१.१ करा. नाकारलेलं पॅकेज असलं तरी दर खेपेला आकडा वाढवलेलाच क्रानला बरा वाटतो, आणि कुठला लॉग कुठल्या टारबॉलचा हे तुम्हालाही कळतं. पाठवल्यावर मेंटेनरच्या ईमेलवर पुष्टीची लिंक येईल. तिच्यावर क्लिक केल्याशिवाय पॅकेज रांगेत लागत नाही, म्हणून स्पॅमचं फोल्डरही बघा.