शेल हेल्परला कर्नलइतकाच कडक रिव्ह्यू हवा का?

रात्रपाळी: लिनक्स कर्नलच्या नेटवर्क सेल्फटेस्टमध्ये (कर्नलच्याच सोर्समधल्या चाचण्या) 'लिब.एसएच' ही सामायिक शेल फाइल आहे. नेमस्पेस (चाचणीपुरतं वेगळं नेटवर्क) उभी करायची, पोर्ट ऐकू लागेपर्यंत थांबायचं, शेवटी आवरायचं, या कामांचे हेल्पर, म्हणजे छोटी मदतनीस फंक्शनं, ढीगभर स्क्रिप्टा तिथूनच घेतात. तरी तिच्यात नवा हेल्पर आला की 'टेस्टच तर आहे' म्हणून लोक वरवर बघतात. माझ्या मते उलट हवं. नेहमीचा सापळा बघा: 'लोकल आउट=$(पिंग …)' आणि खालच्या ओळीत 'चेक_एर $?'. $? म्हणजे आधीच्या कमांडचा एक्झिट कोड, शून्य म्हणजे सगळं ठीक. पिंग आपटला तरी $? शून्यच, कारण तो व्हेरिएबल घोषित करणाऱ्या 'लोकल'चा निकाल असतो. टेस्ट हिरवीगार! 'लोकल आउट' आधीच्या ओळीवर घेतलं की झालं.

बॅशबहाद्दर: असहमत. हे शेलचेक (स्क्रिप्टमधल्या चुका शोधणारं टूल) पकडतं, माणूस कशाला खर्ची घालायचा? प्रत्यक्षात रिव्ह्यूत काय येतं? 'आयपीव्ही६ पण घ्या', 'टाइमआउट बाहेरून द्या', 'नाव बदला'. पाच ओळींच्या हेल्परचं पुराण होतं, आणि कंटाळलेला माणूस टेस्ट वगळून नुसता फिक्स पाठवतो. हेल्पर आधी स्वतःच्या स्क्रिप्टमध्ये राहू दे, दुसऱ्याला लागला की हलवा.

रात्रपाळी: दुसरा हलवत नाही हो, कॉपी मारतो. मग 'स्लीप १' जिकडे तिकडे. केएएसएएन (मेमरीतल्या चुका पकडणारी तपासणी) लावलेला कर्नल रखडत चालतो, त्यावर सर्व्हर सेकंदात उठेलच याची खात्री काय? टेस्ट कधी पास, कधी फेल, आणि लोक ती बघायचंच सोडतात.

अजगरप्रेमी: शेलवरच का अडलात? त्याच सोर्समध्ये पायथनची लायब्ररी आहे. एक्सेप्शन असं गुपचूप गिळलं जात नाही.

बॅशबहाद्दर: आयपी आणि टीसी या नेटवर्क मांडणाऱ्या टूलच्या कमांड फेल झाल्या की तीच ओळ उचलून टर्मिनलवर चालवता येते. पायथनमध्ये आधी रॅपर उलगडत बसा.

रात्रपाळी: इथे मी बहाद्दरांच्या बाजूने. पण शेलमध्ये राहायचं तर हे बघा: अट पुरी होईपर्यंत थांबणारे दोन हेल्पर, 'बिझीवेट'ला मिलिसेकंद द्यायचे, 'स्लोवेट'ला सेकंद. सख्खे भाऊ, एकाच फाइलमधले! दहा सेकंद समजून 'बिझीवेट १०' लिहिलंत तर दहा मिलिसेकंदांत गाशा गुंडाळणार. हे शेलचेकला कसं कळणार?

बॅशबहाद्दर: बरं, एकक तपासा. एक्झिट कोडही तपासा. टूल नसेल तर ४, म्हणजे स्किप, शून्य नाही. पण नावांवरून छळणं थांबवा.

रात्रपाळी: एकक नावातच असतं तर तपासावं लागलं असतं का? नावावरून तर छळणारच.